फिल्मवर फोटो काढण्याचा आनंद नेमका कशात आहे?

प्रश्न : छत्तिसावी फ्रेम

गेली दोन वर्षे मी डिजिटल कॅमेऱ्याच्या जोडीला ३५ मिमी फिल्मचा एक जुना यांत्रिक कॅमेरा वापरतो आहे. तो कित्येक वर्षे कपाटात पडून होता. कुतूहल म्हणून त्यात एक कृष्णधवल रोल भरला आणि तेव्हापासून तो कपाटात परत गेलेला नाही. महिन्याला साधारण एक रोल, म्हणजे ३६ फोटो, हा माझा वेग आहे. यात आनंद मिळतो याविषयी मला कधी शंका आली नाही; शंका आली ती त्या आनंदाच्या कारणाविषयी, आणि म्हणून हा धागा काढतो आहे.

मध्यंतरी एका मित्राने विचारले, ‘तुला फिल्म का आवडते ते नीट सांग, फक्त त्यात “वेगळीच मजा आहे” हे वाक्य येता कामा नये.’ मी सांगू लागलो आणि प्रत्येक मुद्द्यावर अडलो. फोटो मोजकेच असल्यामुळे बटण दाबण्यापूर्वी मी अधिक पाहतो, असे मी म्हणालो. त्यावर त्याचे म्हणणे असे, की डिजिटल कॅमेऱ्याचा पडदा बंद करावा, ३६ फोटो झाले की थांबावे, तुला अडवले आहे कोणी? मग मी फिल्मच्या दाणेदार पोताविषयी आणि उजेडाकडून सावलीकडे हळूहळू उतरत जाणाऱ्या करड्या छटांविषयी बोललो. त्याने विचारले, की निगेटिव्ह स्कॅन करून शेवटी तू पाहतोस कशावर, माझ्यासारखाच पडद्यावर ना? अखेरीस निगेटिव्ह ही हातात धरता येणारी वस्तू आहे, असे मी म्हणालो. तेव्हा त्याने एवढेच विचारले, की धुऊन आलेली निगेटिव्ह पुन्हा उजेडासमोर धरून मी किती वेळा पाहिली आहेत. एकदाही नाही, हे त्याचे खरे उत्तर होते.

नुसता वाद घालण्यापेक्षा त्याची सूचना अमलात आणून पाहावी, म्हणून मी डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि लागोपाठ चार रविवार ३६ फोटोंची मर्यादा पाळायचे ठरवले. पहिला रविवार उत्तम गेला. दुसऱ्या रविवारी बाविसाव्या फोटोला ‘फोकस नीट लागतो आहे ना, एवढेच बघू’ असे म्हणत मी पट्टीचा कोपरा उचलला, आणि एकदा कोपरा उचलल्यावर पुढचे सांगायला नको. तिसऱ्या रविवारी पट्टी लावलीच नाही. फोटो मात्र वाईट आले नव्हते, उलट अंधाऱ्या जागी काढलेले फोटो माझ्या फिल्मवरच्या फोटोंपेक्षा स्पष्टच आले होते.

यातून निघणारा निष्कर्ष मला रुचत नाही. माझा निश्चय दुबळा आहे आणि जिथे उचलायला पट्टीच नाही असे यंत्र मला लागते, एवढाच माझ्या आनंदाचा अर्थ आहे का? फिल्म श्रेष्ठ की डिजिटल, हा जुना वाद येथे नको. तांत्रिक बाबतीत डिजिटल बहुतेक ठिकाणी पुढे गेले आहे, हे मला मान्य आहे. मला जाणून घ्यायचे आहे ते असे, की तुमचा आनंद या सगळ्या व्यवहारात नेमका कुठे आहे : पाहण्यात, थांबण्यात, रोल धुण्यात, प्रिंट काढण्यात की यंत्र हाताळण्यात? आणि फिल्मवर काही वर्षे काढून पुन्हा डिजिटलकडे वळलेले कोणी असतील, तर त्यांनी का वळावेसे वाटले तेही सांगावे.

प्रतिसाद : मंदप्रकाश

तुमच्या मित्राचे प्रश्न चांगले आहेत, परंतु चिकटपट्टीच्या प्रयोगात एक गफलत आहे असे मला वाटते. पट्टीखाली फोटो तयार असतो आणि तो तयार आहे हे तुम्हाला ठाऊक असते, त्यामुळे तुम्ही सगळा वेळ एका मोहाशी झगडत असता. रोलमध्ये तसा तयार फोटो नसतोच. प्रकाश पडल्यावर फिल्मवरच्या सिल्व्हर हॅलाइडच्या स्फटिकांत चांदीचे मोजके अणू एकत्र येतात आणि एवढ्यानेच ‘या कणावर प्रकाश पडला होता’ याची नोंद होते. साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसणार नाही अशी ही अव्यक्त प्रतिमा तशीच दबून राहते. पुढे डेव्हलपर हे रसायन त्या मोजक्या अणूंचा धागा धरून संपूर्ण स्फटिकाची चांदी करून टाकतो, म्हणजे मूळ नोंद कोट्यवधी पटींनी वाढते, आणि तेव्हा कुठे निगेटिव्हवर काळे-पांढरे काही दिसू लागते. बटण दाबणे आणि रोल धुणे यांच्या मधल्या काळात फोटो झालेला असतो आणि नसतोही. त्या काळात तुमच्यापाशी फक्त आठवण असते, आणि मला स्वतःला आनंद मिळतो तो या आठवणीच्या काळात.

मी एक साधी वही ठेवतो. रोल संपला की तो धुण्यापूर्वी, आठवतील तेवढे फोटो वहीत एकेका ओळीत लिहून काढतो : कोठे उभा होतो, काय चौकटीत घेतले, काय बाहेर ठेवले, कोणता फोटो चांगला आला असेल. रोल धुतल्यावर ही यादी आणि निगेटिव्ह शेजारी ठेवली म्हणजे जे कळते, ते मला कोणत्याही पुस्तकातून कळले नसते. ज्या फोटोंवर माझी भिस्त असते ते पुष्कळदा साधारण निघतात, कारण त्या क्षणाचा वारा, आवाज, सोबतची माणसे हे सगळे मी मनात फोटोला जोडलेले असते आणि फोटोत त्यातले काहीच नसते.

गॅरी विनोग्रँड या अमेरिकन छायाचित्रकाराने तर हे मुद्दामच अंगी बाणवले होते. फोटो काढताना आलेली मनःस्थिती निवडीच्या आड येऊ नये, म्हणून तो रोल वर्ष-दोन वर्षे बाजूला ठेवून मगच धूत असे. १९८४ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्यामागे सुमारे २,५०० रोल न धुतलेले राहिले होते. हे मात्र थांबण्याचे तत्त्व जरा जास्तच झाले, असे म्हणावे लागेल.

तेव्हा प्रश्न मोजक्या फोटोंचा नसावा. पाहणे आणि पारखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि डिजिटल कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा ती एकाच मिनिटात करायला लावतो. एक फोटो काढला, मान खाली घातली, पाहिले, नापसंत केले, पुन्हा काढला. या मान खाली घालण्याच्या काळात समोरचे जे होऊन जाते ते गेलेच. गंमत अशी, की हा पडदा डिजिटलच्या जन्मापासून नव्हता. १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन यांनी कोडॅकमध्ये जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्याला एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत आणि ते पाहायला वेगळे यंत्र आणि टीव्ही लागे. पाठीवर पडदा असलेला कॅमेरा सर्वसामान्य ग्राहकाला मिळू लागला तो १९९५ च्या कॅसिओ क्यूव्ही-१० पासून. उलट बाजूने पाहिले तर लगेच हाती येणारा फोटो फिल्मच्या जगात १९४८ पासून आहे, कारण पोलरॉइडचा कॅमेरा त्या वर्षी विक्रीला आला.

यावरून तुम्हाला दोन प्रयोग सुचवतो. पोलरॉइडसारख्या तत्काळ फिल्मवर काही फोटो काढून पाहा. तेथे रसायन आहे, वस्तू हातात आहे, फोटोही मोजकेच आहेत, फक्त थांबणे नाही. आणि दुसरीकडे डिजिटल कॅमेऱ्यावर पट्टी न लावता त्यातला पडदा सेटिंगमधून बंद करा, आणि संध्याकाळी मेमरी कार्ड काढून घरातल्या एखाद्या कडक माणसाच्या ताब्यात एक महिन्यासाठी देऊन टाका. यांपैकी कशात तुम्हाला फिल्मची आठवण येते, ते पाहिल्यावर तुमच्या मित्राला उत्तर देता येईल.

प्रतिसाद : उघडझाप

वरच्या प्रतिसादातले थांबण्याचे तत्त्वज्ञान मला मान्य आहे, पण खरे सांगायचे तर मी रोल धुऊन झाले की निगेटिव्ह एकदा पाहतो आणि पाकिटात घालून ठेवतो. माझा आनंद यंत्राचा आणि अंदाजाचा आहे, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण मला दिसत नाही.

डिजिटल कॅमेऱ्यातल्या सुविधा कशा काम करतात ते मला मुळीच समजत नाही. जुन्या कॅमेऱ्यातली प्रत्येक हालचाल मात्र बोटांना कळते. त्यातही उजेड मोजणारे मीटर बंद ठेवून उजेडाचा अंदाज बांधणे हा माझा आवडता खेळ आहे. नियम सोपा आहे : लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, एफ १६ ठेवायचे (आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे तिच्या प्रकाश टिपण्याच्या क्षमतेच्या आकड्याच्या, जवळचा ठेवायचा, म्हणजे ४०० च्या फिल्मला सेकंदाचा पाचशेवा भाग. सावल्यांच्या कडा पुसट झाल्या की एफ ११, सावल्याच पडेनाशा झाल्या की एफ ८, आभाळ गच्च भरून आले की एफ ५.६. पहिले दोन-तीन रोल चुकत गेले. त्यानंतर एक दिवस असा आला, की घराबाहेर पाऊल टाकताक्षणी मी नकळत ‘आता आठ’ असे पुटपुटलो, आणि त्यानंतर उजेडाकडे पाहण्याची माझी रीतच बदलली. कॅमेरा गळ्यात नसतानाही मी सावल्यांच्या कडा पाहत चालतो. निगेटिव्ह फिल्म एक-दोन स्टॉप, म्हणजे दुप्पट-चौपट, जास्तीचा प्रकाश निमूट सहन करते म्हणून हा खेळ परवडतो; जिच्यावर थेट सुलटे चित्र उमटते त्या स्लाइड फिल्मवर तो करू नये.

जुना कॅमेरा वापरताय म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या पुष्कळ कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेले होते. ते सेल आता बनत नाहीत, आणि त्याऐवजी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर अनेक मीटर आहे त्याहून अधिक उजेड दाखवतात आणि फोटो काळवंडतात. श्रवणयंत्रात घालतात ते झिंक-एअर सेल साधारण १.४ व्होल्टचे असतात, ते बरे पडतात. दुसरी गोष्ट अशी, की रोल भरल्यावर फिल्म पुढे सरकवताना डावीकडची रिवाइंडची चावी फिरते आहे ना, ते प्रत्येक वेळी पाहा. ती फिरत नसेल तर फिल्म अडकलेलीच नाही. हे मी अनुभवाने सांगतो आहे. एका संपूर्ण प्रवासाचे ३६ फोटो मी फिल्म डबीतून बाहेर आलेली नसतानाच काढले आणि आकडा बरोबर पुढे जात असल्यामुळे मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. त्या प्रवासातली दृश्ये मला इतर सर्व प्रवासांहून अधिक स्पष्ट आठवतात, ही गोष्ट मंदप्रकाश यांच्या वहीत कोठे बसते ते त्यांनीच ठरवावे.

प्रतिसाद : हायपो

धागा सुरू करणाऱ्यांना एक विचारते. आपण रोल स्वतः धुता का, आणि प्रिंट काढता का?

प्रतिसाद : छत्तिसावी फ्रेम

दोन्ही नाही. रोल धुवायला बाहेर देतो आणि सोबत स्कॅन मागवतो. निगेटिव्हवरून कागदावर मोठे चित्र पाडणारा एन्लार्जर जवळून पाहिलेलाही नाही.

प्रतिसाद : हायपो

मला वाटलेच होते. मग आपल्या मित्राचा दुसरा प्रश्न अगदी रास्त आहे. आपण फिल्मची अर्धी वाट चालून डिजिटलच्या गाडीत बसता आणि मग दोन्ही प्रवास सारखेच कसे वाटतात, याचे नवल करता. स्कॅन करणारे यंत्र आपल्या निगेटिव्हला जे वाटेल ते रूप देते, तीव्रता वाढवते, कडा टोकदार करते, आणि ज्याला सगळे ‘फिल्मचा लुक’ म्हणतात त्यातला बराचसा भाग त्या यंत्राच्या सेटिंगचा असतो. हे मी स्कॅनला नावे ठेवण्यासाठी म्हणत नाही, मीही स्कॅन करते. पण आनंद कोठे आहे असे विचारलेत म्हणून सांगते, की माझ्यापुरता तो प्रिंट काढताना लाल दिव्याखाली ठेवलेल्या रसायनांच्या तीन ट्रेमध्ये आहे.

रोल धुणे त्यामानाने निगुतीचे आणि काहीसे रुक्ष काम आहे. पूर्ण अंधारात, लाल दिवासुद्धा नसताना, फिल्म चाचपडत रिळावर चढवायची, ती टाकीत बंद केली की दिवे लावायचे, आणि मग घड्याळ व थर्मामीटर यांच्या धाकात राहायचे. कृष्णधवल फिल्मला डेव्हलपर २० अंश सेल्सिअसला लागतो आणि अंशभर इकडे-तिकडे झाले तर वेळ बदलून सांभाळून घेता येते. रंगीत निगेटिव्हचे सी-४१ रसायन मात्र ३७.८ अंशांना सव्वातीन मिनिटे मागते आणि तेथे हयगय चालत नाही. यात चूक न होणे हाच आनंद. पहिल्यांदा करणाऱ्याने एखादा रोल बळी देऊन भरदिवसा उघड्या डोळ्यांनी, मग डोळे मिटून, रिळावर चढवण्याचा सराव करावा. अंधारात घामेजलेल्या हातांनी शिकण्याची ती गोष्ट नव्हे.

प्रिंट काढणे हे निराळेच प्रकरण आहे. एन्लार्जरमधून निगेटिव्हचा प्रकाश कागदावर पाडायचा, आधी कागदाच्या एका पट्टीवर पाच-पाच सेकंदांच्या पायऱ्या करून वेळ ठरवायची, आणि मग पूर्ण कागद डेव्हलपरमध्ये सरकवायचा. दहा-पंधरा सेकंद काहीही होत नाही. त्यानंतर सर्वांत गडद भाग आधी उमटतात, मग मधल्या छटा भरत जातात, आणि मिनिटभरात, जे आपण महिन्यापूर्वी पाहिले होते ते पाण्याखालून आपल्याकडे पाहू लागते. मी हे अनेक वर्षे करते आहे आणि अजून एकदाही त्या पंधरा सेकंदांत दुसरीकडे पाहिलेले नाही.

खरा खेळ पुढे आहे. आकाश फिके आले, तर बाकीचा कागद पुठ्ठ्याने झाकून तेवढ्या भागाला आणखी काही सेकंद प्रकाश द्यायचा; चेहरा काळा पडला, तर तारेच्या टोकाला लावलेल्या चकतीची सावली त्यावर हलती ठेवायची. चकती क्षणभर थांबली तर तिची कड कागदावर उमटते, म्हणून हात सतत हलता हवा. हे हाताने होत असल्यामुळे एकाच निगेटिव्हच्या दोन प्रिंट तंतोतंत सारख्या निघत नाहीत. संगणकावर हेच काम अधिक अचूक होते, मागे घेता येते आणि हजारदा करता येते, आणि नेमके म्हणूनच ते केव्हा संपले हे मला कळत नाही. अंधाऱ्या खोलीत सहावा कागद वाया गेला की मी आपोआप ठरवते, की मला या फोटोत काय हवे आहे.

येथे माझ्याच विरोधातला एक दाखला देते, कारण तो लपवणे बरे नव्हे. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ स्वतःच्या प्रिंट स्वतः काढत नसत, ते काम त्यांच्यासाठी दुसरे करत. त्यांना रस होता तो पाहण्यात. तेव्हा प्रिंटवाचून फिल्मचा आनंद अपुरा आहे, हे माझे म्हणणे सर्वांना लागू आहे असा माझा दावा नाही. परंतु आपण दोन वर्षांत एकदाही निगेटिव्ह पुन्हा पाहिले नाही, हे वाचून मला थोडे वाईट वाटले. फोटोचे ‘निगेटिव्ह’ आणि ‘पॉझिटिव्ह’ ही नावे ज्यांनी रूढ केली, त्याच जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८१९ मध्ये हायपो हे रसायन चांदीचे क्षार विरघळवते हे शोधून ठेवले होते, आणि वीस वर्षांनी फोटो टिकवण्याचा प्रश्न आला तेव्हा तो शोध कामी आला. निगेटिव्ह उजेडात धरता येते ते या एका रसायनामुळे. तेवढे तरी धरून पाहा. (धुण्याकडे वळलात तर वापरलेला हायपो, म्हणजे आजचा फिक्सर, मोरीत ओतू नका, त्यात विरघळलेली चांदी असते. तो साठवून घातक कचऱ्याबरोबर द्यावा.)

प्रतिसाद : शून्य आणि एक

परत फिरलेल्यांनी लिहावे असे म्हटले आहे, म्हणून लिहितो. मी सहा वर्षे फिल्मवर काढली. धुणे, प्रिंट काढणे, वरच्या प्रतिसादांत लिहिलेले सर्व काही केले, आणि त्यातला आनंद खोटा होता असे मी म्हणणार नाही. मी थांबलो त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण असे, की माझे फोटोंविषयीचे बोलणे हळूहळू बंद झाले आणि फिल्मविषयीचे बोलणे तेवढे उरले. कोणता डेव्हलपर, किती पातळ, कोणत्या फिल्मचे दाणे कसे. माझ्या एका प्रिंटकडे पाहून कोणी ‘हे कोण आहेत?’ असे विचारले आणि मी उत्तरादाखल कागदाचे नाव सांगितले, तेव्हा मीच चपापलो. कारागिरीचा आनंद हा आनंदच आहे, पण तो फोटोचा आनंद आहे असे समजून मी सहा वर्षे वावरलो होतो.

दुसरे कारण कोडॅकच्या कोडॅक्रोमने शिकवले. त्या स्लाइड फिल्ममध्ये रंग बनवणारे घटक नव्हतेच. ते धुताना रसायनांतून मिळत. १९३५ पासून चाललेली ती फिल्म २००९ मध्ये बंद झाली, २०१० च्या अखेरीस ती धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळाही थांबली, आणि ज्यांच्या कपाटात काढून ठेवलेले रोल राहिले त्यांचे रंग कायमचे गेले. त्या रोलमधून आता कृष्णधवल तेवढे निघू शकते. थांबण्याचा आनंद घेताना आपण कोणाच्या भरवशावर थांबलो आहोत, हा प्रश्न मला तेव्हापासून सुटलेला नाही. उलटही घडते, हे मान्य करतो : कोडॅकचीच एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म २०१२ मध्ये बंद होऊन २०१८ मध्ये परत आली, आणि २०२४ मध्ये तर पेंटॅक्स या कॅमेऱ्यांच्या ब्रँडने फिल्मचा नवा कॅमेरा काढला. तो अर्ध्या चौकटीचा आहे, म्हणजे ३६ च्या रोलवर ७२ फोटो बसतात. मोजक्या फोटोंमुळेच आनंद मिळतो असे मानणाऱ्यांनी त्याचे काय करावे, याचा मी अजून विचार करतो आहे.

राहिली चिकटपट्टी. कार्ड महिनाभर न पाहण्याची मंदप्रकाश यांची सूचना मी गेले आठ महिने स्वतःहून पाळतो आहे, कोणा कडक माणसाकडे न देता. पहिले दोन महिने जड गेले. आता प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला मागच्या महिन्याचे फोटो उघडतो आणि जो अनुभव येतो तो मला फिल्मच्या अनुभवापेक्षा वेगळा सांगता येत नाही. त्यामुळे ते चांदीचे अणू कितीही सुंदर असले, तरी आनंद त्यांच्यात नसून त्या महिन्यात आहे, असे माझे मत झाले आहे.

प्रतिसाद : मंदप्रकाश

आठ महिने पाळलेत हे वाचून माझा मुद्दा निम्मा मागे घेतो. उरलेला निम्मा असा, की तुम्हाला ते जमले कारण त्याआधी सहा वर्षे फिल्मने तुम्हाला थांबायची सवय लावली होती. ज्याने फिल्म कधी वापरलीच नाही, त्याला तो महिना जमतो का, ते मला पाहायला आवडेल.

प्रतिसाद : छत्तिसावी फ्रेम

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे, कारण रिकाम्या हाताने आभार मानणे बरे वाटेना.

पोलरॉइडचा प्रयोग एका ओळखीच्यांच्या कॅमेऱ्यावर केला. आठ फोटो काढले आणि आठही वेळा आम्ही सगळे त्या कागदाभोवती डोकी घालून उभे राहिलो. फार मजा आली, पण ती मजा मला माझ्या डिजिटल कॅमेऱ्याची वाटली, फिल्मची नाही. यावरून रसायन आणि हातात येणारी वस्तू या दोन गोष्टी माझ्या यादीतून निदान तूर्त तरी खाली आल्या आहेत. हायपो यांची क्षमा मागतो.

त्यांचे ऐकून मात्र एक रोल स्वतः धुतला. एक रोल बळी देऊन आठवडाभर सराव केला, तरी अंधारात फिल्म दोनदा रिळावरून घसरली आणि त्या दहा मिनिटांत मला माझ्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. धुण्यापूर्वी वहीत यादी केली होती. ३६ पैकी मला २१ फोटो आठवले. ज्या तीन फोटोंवर मी खूण केली होती त्यांतला एक हललेला निघाला, एक बरा आहे, आणि एकात मी ज्यासाठी बटण दाबले होते ते चौकटीत नाहीच. उलट एकोणिसाव्या चौकटीत जिन्याच्या वळणावर पाठमोरे उभे असलेले कोणीतरी आहे, कठड्यावर हात टेकलेला, आणि तो फोटो मी केव्हा काढला ते मला अजूनही आठवत नाही. ओले निगेटिव्ह टांगलेले असताना मी तो उजेडासमोर तीन वेळा जाऊन पाहिला. तो माझ्या दोन वर्षांतला सर्वांत चांगला फोटो आहे असे मला वाटते, आणि स्कॅनमध्ये आला असता तर मी कदाचित त्याच्यावरून पुढे सरकलो असतो.

मित्राला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, की एकोणिसावा फोटो कार्डावरही निघू शकला असता. शक्य आहे; ‘शून्य आणि एक’ यांचे म्हणणेही तेच आहे, आणि ते खोडून काढता येईल असे माझ्यापाशी काही नाही. म्हणून डिजिटल कॅमेऱ्याचे कार्ड मी त्याच सुमारास महिनाभरासाठी बहिणीकडे दिले आहे. अजून नऊ दिवस बाकी आहेत. काल सहज म्हणून एकदा मागून पाहिले. तिने दिले नाही.